विलायती चौकट आणि गिऱ्हाइकाची नजर

चष्म्याच्या इतिहासाचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासकांचे लक्ष बहुधा भिंगाकडे लागलेले असते, आणि ते स्वाभाविकही आहे. भिंगाला गणित आहे, प्रकाशशास्त्राचा आधार आहे, त्याच्या शोधाच्या श्रेयावरून देशादेशांत वादही झडले आहेत. चौकटीच्या वाट्याला यांतले काही आलेले नाही. दोन काचा नाकावर धरून ठेवणे एवढेच तिचे काम. आणि काम साधे म्हणून तिचा इतिहासही साधाच असणार, असे गृहीत धरले गेले आहे. परंतु दुकानाच्या फळीपाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले, तर चित्र उलटे दिसते. भिंगाचा नंबर डॉक्टर ठरवितो. त्यात गिऱ्हाइकाला मत नसते. त्याला मत असते ते चौकटीविषयी. तो ती हातात घेतो, काड्या उघडून मिटून पाहतो, आरशात डोकावतो, आणि मग पुष्कळदा हलक्या आवाजात विचारतो, "ही बाहेरची आहे ना?"

या 'बाहेरच्या' चौकटीविषयी आपल्याकडील गिऱ्हाइकाची भावना कशी घडत गेली, याचा विचार येथे करावयाचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, परदेशी चौकटीला मिळालेला मान हा मुळात तिचा नव्हे. तो भिंगाकडून उसना आलेला आहे. भिंगाच्या बाबतीत परदेशी मालावर विसंबण्याला दीर्घकाळ सबळ कारण होते. चौकटीच्या बाबतीत ते कारण फार थोडे होते, आणि जे होते तेही वेगळ्या प्रकारचे होते. गिऱ्हाइकाने मात्र हे दोन हिशेब कधीच वेगळे ठेवले नाहीत.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'चष्मा' हा फारसी 'चश्म' म्हणजे डोळा यावरून आलेला. 'चाळशी' हा अस्सल घरगुती शब्द. चाळिशी उलटली की लागणारी वस्तू, म्हणून चाळशी. 'उपनेत्र' हा पंडितांचा, तर 'गॉगल' हा इंग्रजीतून थेट रस्त्यावर उतरलेला. एकाच वस्तूला वयावरून, डोळ्यावरून, उन्हावरून नावे पडली. चौकटीला मात्र स्वतंत्र असे नाव आपण दिले नाही. दाराची ती चौकट, तसबिरीची ती चौकट, आणि चष्म्याचीही तीच. कानावर जाणाऱ्या भागाला 'काडी' म्हटले, ते तर उघडच उपमेने. पुढे 'फ्रेम' आली आणि तिने चौकटीलाही मागे सारले. 'शेल फ्रेम' हा शब्द जुन्या पिढीच्या तोंडी अगदी सर्रास होता. आता त्यातला 'शेल' हा कासवाच्या पाठीच्या कवचाचा असून प्रत्यक्षात त्या चौकटी सेल्युलॉइडच्या किंवा अॅसिटेटच्या असत, हे वापरणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? भाषेची ही साक्ष अगदीच टाकाऊ नाही. वस्तू तयार अवस्थेत बाहेरून आली आणि तिचे अवयव आपण आपल्या घरातल्या वस्तूंवरून ओळखले, एवढे तीवरून निश्चित म्हणता येते.

ती कधी आली, याविषयी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी केलेले संशोधन आजही आधारभूत आहे. विजयनगरच्या कृष्णदेवरायाला पूज्य असलेले माध्व आचार्य व्यासराय यांचे सोमनाथ कवीने लिहिलेले 'व्यासयोगिचरित' हे चरित्र आहे. त्यात १५२०च्या सुमारास आचार्य 'उपलोचनगोलक' लावून पोथी वाचीत असल्याचा उल्लेख येतो, तो गोड्यांनी पुढे आणला. १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला होता आणि विजयनगरशी त्यांचा व्यापार चालू होता; तेव्हा हे उपनेत्र त्यांच्याकडून आले असावे, असा त्यांचा तर्क. १९७१ मध्ये एका भारतीय नेत्रवैद्याने ब्रिटनमधील नियतकालिकात लेख लिहून चष्मा मुळात हिंदुस्थानातच निघाला असे प्रतिपादन केले. ते मत आम्हांस पटत नाही. हेरातचा फारसी कवी जामी १४९२ साली वारला. त्याने म्हातारपणी आपल्या अधू डोळ्यांविषयी लिहिताना फिरंगी काचांचाच उल्लेख केलेला आहे. म्हणजे पोर्तुगीज गलबते या किनाऱ्याला लागण्यापूर्वीच पूर्वेकडील जाणत्या वाचकाच्या मनात ही वस्तू 'फिरंग्यांची' म्हणून ठरून गेली होती.

तथापि परक्या गावच्या चष्म्याची ओढ हा केवळ पौर्वात्य किंवा पराधीन लोकांचा दोष होता, असे समजणे चूक ठरेल. मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झा याने १४६२च्या ऑक्टोबरात फ्लॉरेन्समधील आपल्या वकिलास पत्र लिहून तीन डझन चष्मे मागविले. दरबारातील पुष्कळ मंडळी फ्लॉरेन्सचेच चष्मे मागतात, कारण इतर कोणत्याही ठिकाणापेक्षा ते तेथे अधिक चांगले होतात अशी ख्याती आहे, असे कारण त्याने दिले आहे. मिलान आणि फ्लॉरेन्स हे एकाच भाषाकुळातले शेजारी. तरी 'तिकडचा' माल तो तिकडचा. उलट बाजूचे उदाहरण लंडनचे. तेथील चष्मेवाल्यांच्या संघाला १६२९ साली राजाची सनद मिळाली होती. १६७१ साली या संघाने एका दुकानातून बावीस डझन चष्मे जप्त केले आणि काच व चौकट दोन्ही वाईट ठरवून ते सगळे लंडन स्टोन या शिळेवर फोडून टाकले. गंमत अशी की हे फुटलेले चष्मे परदेशी नव्हते. दप्तरात त्यांची नोंद 'इंग्लिश चष्मे' म्हणून आहे. काच व चौकट यांची एकत्र तपासणी करून दोहोंना एकत्र शिक्षा देणारी अशी संस्था आपल्याकडे कधी नव्हती. आपल्या गिऱ्हाइकाला पारख स्वतःच करावी लागे, आणि पारखीचे साधन म्हणजे ज्या देशाचा माल त्या देशाचे नाव.

एकोणिसाव्या शतकात चौकटी यंत्रावर होऊ लागल्या तेव्हा हे नाव महत्त्वाचे झाले. फ्रान्सच्या जुरा डोंगरातील मोरे या गावी १७९६ साली काझो नावाच्या खिळे करणाऱ्या कारागिराने तारेचा चष्मा बनविला, आणि पुढे त्या खोऱ्याचा तो धंदाच झाला. प्रशियातील राथेनो येथे डुंकर या धर्मोपदेशकाने १८०१ साली राजाचा परवाना घेऊन प्रकाशीय वस्तूंचा कारखाना काढला. अमेरिकेतील साउथब्रिज येथे विल्यम बीचर या सराफाने १८३३ साली चांदीच्या चौकटी करावयास आरंभ केला. त्यातूनच पुढे अमेरिकन ऑप्टिकल ही कंपनी उभी राहिली. खिळेवाला, पाद्री आणि सराफ! यांपैकी कोणीही भिंगाचा शास्त्रज्ञ नव्हता. तार ओढणे, वाकविणे, झाळणे आणि एक इवलासा बिजागर बसविणे, हे त्या विद्येचे मर्म. पुण्याच्या वा सावंतवाडीच्या चांगल्या सोनाराच्या आवाक्याबाहेरचे त्यात काही नव्हते, आणि मोडलेली काडी झाळून घेण्यासाठी लोक सोनाराकडे जातही असत. पण नवी चौकट त्याच्याकडून करून घ्यावी असे फारसे कोणाच्या मनात येत नसे. कारण चौकट येत असे ती भिंगाच्या दुकानातून, आणि भिंगाचे दुकान साहेबी थाटाचे असे.

इंग्लंडमध्ये १८८७ साली आणि हिंदुस्थानात १८८९ साली मालावरील खुणांविषयीचे कायदे झाले. ब्रिटिश कारखानदाराचे वा व्यापाऱ्याचे नाव लावून दुसऱ्या देशाचा माल आणला, तर तो कोठे झाला हे त्यावर स्पष्ट लिहिले पाहिजे, असा त्यांचा रोख होता. जर्मन मालाला चाप बसावा हा हेतू. घडले ते विपरीत. जे अक्षर हिणविण्यासाठी कोरावयास लावले, तेच पुढे गुणवत्तेची ग्वाही बनले. १८९६ साली विल्यम्स नावाच्या लेखकाने या जर्मन स्पर्धेवर भयसूचक पुस्तक लिहिले, तोपर्यंत ब्रिटिश घरांत जर्मन वस्तू शिरून बसल्या होत्या. आपल्याकडील गिऱ्हाइकाची वृत्ती याहून थोडी निराळी दिसते. त्याच्या लेखी 'विलायती' हा शब्द फार ऐसपैस होता. मूळ अरबी 'विलायत' म्हणजे प्रांत किंवा राज्य; मोगलाईत तो इराण-तुराणाकडे बोट दाखवी, इंग्रजीत तो इंग्लंडकडे वळला, आणि बाजारात तो समुद्रापलीकडच्या कोणत्याही चांगल्या वस्तूला लागू लागला. जर्मनीची चौकटही विलायती आणि फ्रान्सचीही विलायतीच.

शिवाय खुद्द विलायतेतील चौकट तरी कितपत विलायती होती? लंडनच्या पूर्व भागात अल्घा नावाचा चौकटींचा कारखाना १९३२ साली निघाला. त्याचा संस्थापक मॅक्स वाइझमन आधी जर्मन चौकटींची आयात करीत असे. कारखाना काढताना त्याने राथेनोहून यंत्रे आणली आणि ती चालविणारे कारागीरही आणले. १९४८ नंतर ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतून लाखो लोकांच्या नाकावर ज्या गोल चौकटी चढल्या, त्यांतील पुष्कळ येथे झालेल्या. शिक्का इंग्लंडचा, हात जर्मनांचे. अमेरिकेतील बॉश अँड लॉम्ब ही कंपनी १८५३ साली ज्या दोघांनी काढली तेही जर्मनीतून गेलेलेच. देशाचे नाव हे कौशल्याचे नाव असते, ही गिऱ्हाइकाची समजूत अगदी खोटी नव्हती. पण कौशल्य गाव सोडून जाऊ शकते आणि जुने नाव मागे राहते, हे दुकानाच्या फळीपाशी दिसत नसे.

आता स्वदेशीच्या काळाकडे वळू. आमच्या विषयाच्या दृष्टीने तोच सर्वांत विचार करावयास लावणारा आहे. १९०५च्या ऑक्टोबरात पुण्यास परदेशी कापडाची होळी झाली. साखर, बांगड्या, काचसामान यांवर बहिष्काराची भाषा घरोघर पोचली. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना निघाला. पुढे कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस ओगले बंधूंनी काचेचा मोठा कारखाना उभारला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. म्हणजे काच हा स्वदेशीचा अगदी जिव्हाळ्याचा विषय होता. असे असता नाकावरच्या विलायती काचेवर आणि तिच्या चौकटीवर बहिष्काराचा रोख वळल्याचे दिसत नाही. त्या काळच्या पुढाऱ्यांची छायाचित्रे पाहावीत. नामदार गोखल्यांचा चष्मा तर त्यांच्या चेहऱ्याचा भागच झालेला आहे. हातातला धागा कोठला, हे विचारणारे नाकावरची तार कोठली हे विचारीत नव्हते.

याला ढोंग म्हणणे सोपे आहे; आम्ही तसे म्हणणार नाही. तळेगावला व ओगलेवाडीस चिमण्या, बाटल्या, बरण्या होत. प्रकाशीय काच ही निराळी चीज. तीत बुडबुडा चालत नाही, रेघ चालत नाही, वितळलेला रस तासन् तास घोटून एकजीव करावा लागतो आणि दिवसेंदिवस सावकाश निववावा लागतो. पहिल्या महायुद्धापूर्वी खुद्द ब्रिटनला लागणाऱ्या अशा काचेपैकी जेमतेम दहावा हिस्सा ब्रिटनमध्ये, बर्मिंगहॅमजवळच्या चान्स बंधूंच्या कारखान्यात होई. बाकीची जर्मनी व फ्रान्स येथून येई. युद्ध पेटताच साम्राज्याच्या राजधानीची जी तारांबळ उडाली ती या एका वस्तूपायी. जे इंग्रजांना साधले नव्हते ते तळेगावकडून मागणे अन्यायाचे झाले असते. गांधीजींनी १९२५च्या मार्चमध्ये 'यंग इंडिया'त आपली स्वदेशीची मर्यादा स्पष्ट केली, तीत शस्त्रक्रियेची हत्यारे इंग्लंडची, टाचण्या व पेन्सिली ऑस्ट्रियाच्या आणि घड्याळे स्वित्झर्लंडची घेण्यास त्यांनी हरकत मानली नाही. नाही म्हटले ते कापडाला. चष्म्याचे नाव त्या यादीत नाही, परंतु शस्त्रक्रियेच्या हत्यारांशेजारी त्याची जागा कोणालाही सुचेल. डोळ्याशी खेळ नको, हा तो न्याय.

मात्र या न्यायाच्या पदराआड चौकटही सुटली, हे आमचे निरीक्षण आहे. भिंगाला दिलेली सूट चौकटीला देण्याचे काही कारण नव्हते. खादीच्या सदऱ्याला शिंप्याने शिवलेली गुंडी चाले, तर भिंगाला सोनाराने वाकविलेली तार का चालू नये? हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला असता, तर कदाचित तळेगावप्रमाणे एखादा चौकटींचा कारखानाही पैसा फंडातून निघाला असता. तो विचारला गेला नाही, कारण गिऱ्हाइकाच्या दृष्टीने चष्मा ही एकच अखंड वस्तू होती, आणि ती औषधाच्या कप्प्यात मोडत होती.

येथे दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. परदेशी चौकटीला स्वतःचा असा एक गुण खरोखर होता, आणि तो मुलामा देण्याच्या कसबात होता. अमेरिकन व इंग्लिश 'रोल्ड गोल्ड' चौकटीत हलक्या धातूच्या गाभ्यावर सोन्याचा पत्रा उष्णतेने व दाबाने एकजीव करून मग त्याची तार ओढलेली असे. त्यामुळे सोन्याचा थर जाड राही. अमेरिकन चौकटीवर '१/१० १२ कॅरट' अशी बारीक खूण असे, म्हणजे वजनाच्या एक दशांश बारा कॅरटचे सोने. याउलट विजेच्या मुलाम्याचा थर पातळ; मुंबईच्या वा रत्नागिरीच्या दमट हवेत घामाने तो लवकर जाई, आतले तांबे उघडे पडे आणि कानामागे व नाकाच्या दोन्ही अंगांस हिरवट डाग उमटे. हा डाग ज्याने एकदा धुऊन पाहिला आहे, त्याला 'बाहेरची चौकट बरी' हे पटविण्यास जाहिरात लागत नसे. तरीही एक नवल वाटते. आपल्याकडील गिऱ्हाईक सोन्याच्या बाबतीत कमालीचे संशयी. घरच्या सोनारासमोरही ते कसोटीचा दगड मागणार. सोन्यावरील सरकारी ठशाची पद्धतच आपल्याकडे २००० साली आली आणि २०२१ साली ती बंधनकारक झाली. त्याच गिऱ्हाइकाने न पाहिलेल्या देशातील न पाहिलेल्या कारखान्याने कोरलेला '१/१०' हा अंक पिढ्यान् पिढ्या बिनतक्रार मानला!

स्वातंत्र्यानंतर या विश्वासाला दुर्मिळतेची जोड मिळाली. १९४७चा आयात-निर्यात नियंत्रणाचा कायदा आणि १९५७च्या सुमारास परकी चलनाची पडलेली टंचाई यांमुळे चैनीच्या परदेशी वस्तू बाजारातून जवळजवळ नाहीशा झाल्या. देशी चौकटींचा धंदा या आडोशाला वाढला. यादवपूरच्या केंद्रीय काच व चिनीमाती संशोधन संस्थेत, जिचे उद्घाटन १९५० साली झाले होते, साठीच्या दशकाच्या आरंभी प्रकाशीय काचही होऊ लागली. म्हणजे ज्या काळात देशी चष्म्याविषयी विश्वास वाढावयास हवा होता, नेमक्या त्याच काळात परदेशी चौकटीची अपूर्वाई वाढली. सरकार जी वस्तू येऊ देत नाही ती चांगलीच असली पाहिजे, असा गिऱ्हाइकाने अर्थ काढला. १९६१च्या डिसेंबरपर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे होता आणि तेथल्या बाजारात युरोपीय माल मुबलक असे. सरहद्दीअलीकडच्या लोकांना त्याची असूया वाटे. पुढे मुंबईत मुसाफिरखान्याचा बाजार गाजला. उल्हासनगरच्या मालावरील 'मेड इन यू.एस.ए.' या अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा आहे, हा विनोद तर महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाला. विनोद करणाऱ्यांना लबाडी ठाऊक होती. तरी घेणारे घेत होतेच. १९७३ नंतर आखाती देशांत गेलेली कोकणची माणसे रजेवर येताना घड्याळ, अत्तर आणि गॉगल आणीत. त्या गॉगलच्या काचेवर कोपऱ्यात चिकटविलेली कागदाची चिठ्ठी महिनोन् महिने काढली जात नसे. समोरचे अंधुक दिसले तरी चालेल, पण चिठ्ठी दिसली पाहिजे.

या काळातील एक घरगुती हकीकत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रस्तुत लेखकाच्या आत्याला साठीनंतर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे जाड भिंगे लागली. तिचा मुलगा तेव्हा कुवेतला होता. त्याने पत्राने कळविले की चौकट मीच आणतो, इकडची घेऊ नका. आत्या थांबली. आठ महिने तिने ज्ञानेश्वरी उघडली नाही. निवडलेल्या तांदळात खडे निघत आणि सुना आपापसांत कुजबुजत. अखेर चौकट आली. ती घेऊन आम्ही पुण्यातील एका जुन्या चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने ती उलटसुलट पाहिली, बारीक पेचकसाने बिजागराचा स्क्रू काढला, आणि म्हणाला, "बाई, पुढचा भाग एकीकडचा आहे, काड्या दुसरीकडच्या. वाईट नाही. पण तुमच्या भिंगांना ही पेलायची नाही. जड भिंगाला खोल खाच लागते. माझ्याकडची पंचेचाळीस रुपयांची घ्या आणि ही मुलाला पत्रात छान आहे म्हणून कळवा." आत्याने त्याचे ऐकले नाही. "पोरानं एवढ्या लांबून आणलीय," एवढेच ती म्हणाली. भिंगे त्या चौकटीत बसविली. ती वर्षभरात दोनदा निसटून पडली आणि दुसऱ्या खेपेस एक फुटले. आत्याचा आग्रह केवळ परदेशी मोहाचा होता असे आम्ही तेव्हा समजत होतो. तो तसा नव्हता, हे उमजावयास वय व्हावे लागले. परदेशी चौकटीच्या किमतीत वियोगाचीही किंमत मिळविलेली असते, आणि ती कोणत्याही जकातीच्या तक्त्यात सापडत नाही.

अर्थशास्त्रज्ञ व बाजारपेठेचे अभ्यासक यांनी या प्रश्नाकडे पद्धतशीरपणे पाहावयास आरंभ केला तो १९६५च्या सुमारास. त्या वर्षी रॉबर्ट स्कूलर याने ग्वातेमालातील विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. फळांचा तोच रस आणि कापडाचा तोच तुकडा. फक्त चिठ्ठीवरचे देशाचे नाव बदललेले. एल साल्वादोर व कोस्टारिका या शेजाऱ्यांचे नाव असलेला माल विद्यार्थ्यांनी खालच्या प्रतीचा ठरविला. प्रयोग छोटा असला तरी त्यातून निघणारी गोष्ट आमच्या विषयाला लागू पडते. 'परदेशी' म्हणून सरसकट मान किंवा सरसकट तिटकारा असा नसतोच. गिऱ्हाइकाच्या मनात देशांची उतरंड असते, आणि ती वस्तू हातात येण्यापूर्वीच रचलेली असते.

आपल्याकडची उतरंडही अशीच होती, आणि तिच्या तळाशी बराच काळ जपान होता. दुसऱ्या महायुद्धापूर्वी 'जपानी माल' म्हणजे दिसावयास सुबक, किमतीला स्वस्त आणि टिकावयास कच्चा, असा अर्थ होता; कुचकामी माणसालाही गमतीने 'जपानी' म्हणत. त्याच जपानच्या फुकुई प्रांतात १९०५ साली मासुनागा गोझाएमोन याने ओसाकाहून कारागीर बोलावून चौकटी करण्याचे काम गावात आणले. हिवाळ्यात बर्फाखाली शेती बंद पडे, तेव्हा घरबसल्या चार पैसे मिळावेत हा उद्देश. त्या परिसरातील साबाए हे शहर आज जपानमधील नऊ-दशांशांहून अधिक चौकटी बनविते, आणि १९८०च्या दशकारंभी टायटॅनियमची चौकट बाजारात आणण्याचे श्रेयही त्याच शहराचे. टायटॅनियम घामाने गंजत नाही आणि कानामागे हिरवा डाग सोडीत नाही. ज्या दोषापायी आपल्या आजोबांनी इंग्लिश रोल्ड गोल्ड पत्करले, तो दोष अखेर दूर केला तो ज्यांना आजोबा हसत त्यांनी. आज तेच 'जपानी' हे विशेषण ऐकून गिऱ्हाईक चौकट दोन बोटांनी जपून उचलते.

१९९०च्या दशकात एक असा प्रसंग आला की गिऱ्हाइकाच्या या सगळ्या समजुतींची परीक्षाच व्हावी. बॉश अँड लॉम्बचे १९३७ पासून विकले जाणारे रे-बॅन हे नाव आपल्याकडे परदेशी गॉगलचा पर्यायच होऊन बसले होते. त्या दशकाच्या आरंभी त्या कंपनीने राजस्थानातील भिवाडी येथे कारखाना काढला आणि रे-बॅन येथेच होऊ लागले. नाव तेच, आकार तोच. पण दुकानात प्रश्न येऊ लागला तो असा: "हा ओरिजिनल आहे की इंडियन?" जणू काही हे दोन शब्द परस्परविरोधी आहेत. पुढे १९९९ साली इटलीच्या लक्सॉटिका कंपनीने हे नाव ६४ कोटी डॉलरांना विकत घेतले. तेव्हापासून 'अस्सल अमेरिकन' म्हणून मागितली जाणारी ही चौकट मालकीने इटालियन आहे. २०१८ साली लक्सॉटिका एस्सिलॉर या फ्रेंच भिंगांच्या कंपनीशी एकत्र झाली, तेव्हापासून ती निम्मी फ्रेंच म्हणावी लागेल. त्या कंपनीचे कारखाने इटलीच्या आल्प्समध्ये आहेत, तसे चीनमध्येही आहेत.

२००१च्या एप्रिलमध्ये परदेशी ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवरील उरलीसुरली संख्यात्मक बंधने उठली आणि दुर्मिळतेचा मान संपला. त्यानंतरच्या बाजारात चौकट ही अनेक देशांतून फिरून आलेली वस्तू झाली आहे. अॅसिटेटचा पत्रा लोम्बार्डीतल्या कारखान्याचा, बिजागर जर्मनीच्या फोर्ट्सहाइमजवळचा, कापणे-घासणे-जोडणे शेन्झेन वा वेन्झो येथील, आणि काडीच्या आतल्या बाजूवर कोरलेले नाव मिलानमधल्या शिंप्याचे. तेथे अंक असतात ते मापाचे: भिंगाची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी, काडीची लांबी. त्यांच्या शेजारी देशाचे नाव असले तर असते. ही अक्षरे इतकी बारीक असतात की ज्याला चष्म्याची गरज आहे त्याला ती वाचताच येत नाहीत. तो चौकट दुकानदारापुढे किंवा बरोबरच्या मुलापुढे धरतो आणि सांगितले जाईल ते मानतो. अलीकडे त्याचा प्रश्नही बदलला आहे. "बाहेरची आहे ना?" याच्या जागी "चायना तर नाही ना?" असे तो विचारतो. आवाजातील संशय मात्र त्याच्या आजोबांनी 'जपानी' म्हणताना काढलेल्या आवाजासारखाच आहे. दुकानदारही बहुधा "नाही हो" म्हणतो. ते अर्धे खरे असते, कारण पत्रा खरोखरच इटलीचा असतो.

गांधीजींचा म्हणून सांगितला गेलेला, सोन्याचा मुलामा दिलेला एक गोल चष्मा २०२०च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातील ब्रिस्टल येथे लिलावात २,६०,००० पौंडांना गेला. त्याची बातमी जगभर छापून आली. दक्षिण आफ्रिकेत तो कोणाला मिळाला, पुढे कोणाकडे गेला, लिलाववाल्यांना कसा पोचता झाला, हे सगळे तीत सविस्तर होते. चौकट कोणत्या देशात झाली, हे आमच्या पाहण्यात आलेल्या एकाही बातमीत नव्हते.

आत्याची कुवेतची चौकट अजून आमच्या घरी आहे. मध्यंतरी तीत वाचावयाची भिंगे बसतील का हे विचारण्यासाठी आम्ही ती एका दुकानात नेली. काडीच्या आतील अक्षरे घामाने व पदराने पुसून पुसून झिजून गेली आहेत. बहिर्गोल भिंगातून पाहिले तरी शेवटचे एकच अक्षर लागते, आणि ते कोणत्याही देशाच्या नावाच्या शेवटी असू शकेल. दुकानातील तरुणाने खाच पाहिली, हलकी प्लास्टिकची भिंगे आता तीत नीट बसतील असे सांगितले, आणि पावतीवर चौकटीच्या रकान्यात लिहिले: 'स्वतःची.'